तान्ह्या पोळ्याची रोटरी

धनजच्या बसथांब्यामागे पत्र्याचं एक दुकान आहे. बाहेर जळक्या पंपांची रांग, आत वार्निशचा वास, आणि तांब्याच्या तारेचं रीळ मांडीशी घेऊन बसलेली विजयमाला. आसपासच्या कितीतरी विहिरींवरच्या मोटरी तिच्या हाताखालून गेल्या आहेत. काम करताना ती गाणं म्हणते. गाणं मधेच थांबलं की शेजारचा चहावाला ओळखतो, तार तुटली.

विजयमाला अनसिंगची. लग्न होऊन धनजला आली तेव्हा तिला विजेचं इतकं भय होतं की दिव्याचं बटन ती पदर धरून दाबायची. आणि सासर नेमकं मोटर वाइंडिंगवाल्यांचं! सासरे जगदेव दिवसभर दुकानात जळक्या मोटरींत तांब्याच्या तारेच्या कॉइली भरत बसत. नवरा धनराज एसटीत कंडक्टर. त्याला गर्दी, तिकिटं, गप्पा आवडायच्या, दुकानात एका जागी बसणं त्याच्यानं होत नसे. त्यामुळे सासऱ्यांचा डबा घेऊन जायचं काम सुनेकडे आलं. डबा रिकामा होईपर्यंत ती तिथं बसायची आणि बघत राहायची.

पुढं जगदेवांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बारीक तार दिसेनाशी झाली. एका दुपारी त्यांनी भाकरीचा घास हातात ठेवूनच सुनेकडे कॉइलीचा साचा सरकवला.

"विजा, मले दिसून नाई राह्यलं. तू वेढे घाल, मी मोजतो."

"मामाजी, मले भेव वाटते."

"तारेत आता वीज कुठं हाये? वीज मंग येईन. आता नुसतं तांबं हाये."

तिनं वेढे घातले. दोन दिवसांनी ती मोटर एका शेतकऱ्याच्या विहिरीवर चढली, आणि पाण्याचा पहिला लोट पाइपातून बाहेर पडताना बघायला विजयमाला मुद्दाम बांधावर जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून विजेचं भय गेलं असं नाही. पण त्या भयाचं तिनं शिस्तीत रूपांतर केलं. आधी खटका पाडायचा, मग टेस्टर लावायचा, मग हात. जगदेवांच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढं झालं. नजर परत आली, दुकानातली खुर्ची काही परत मिळाली नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगतात.

मी सांगतो आहे ती गोष्ट अलीकडच्याच एका श्रावणातली.

आमच्या कारंज्यात नवीन नावाचा एक तरुण लाकडाचं कोरीव काम करतो. वडील सुतार होते. यानं कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आणली, जिला सगळे सीएनसी म्हणतात. दाराच्या फळ्यांवर वेल, मोर, गणपती, जे चित्र कॉम्प्युटरमध्ये भरावं ते ती कोरून देते. पण फळीवर कोरलेला मोर एकाच बाजूनं मोर असतो. चारही बाजूंनी कोरायचं असेल तर लाकूड फिरवावं लागतं. त्यासाठी मशीनवर एक जोड बसवतात, रोटरी. ती लाकडाचा ठोकळा दोन टोकांना पकडते आणि कोरणाऱ्या पात्याखाली हळूहळू फिरवते. तिला स्वतःची छोटी मोटर असते. काम झालं की रोटरी काढून ठेवायची, कारण ती मशीनवर बसली की मोठी फळी मावत नाही.

नवीनची रोटरी वर्षभर कोपऱ्यात गोणपाटाखाली असायची. बाहेर निघायची ती श्रावणात, तान्ह्या पोळ्यासाठी. पोळ्याला बैल सजतात. दुसऱ्या दिवशी आमच्या वऱ्हाडात पोट्ट्यांचा पोळा असतो. चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत, नटूनथटून, लहान पोरं वाजतगाजत निघतात. ते बैल करायचा नवीन. मान किंचित उजवीकडे वळवलेला, वशिंड उंच, नाकपुड्या फुललेल्या, असा त्याचा बैल असे. रंगवायची त्याची आई, ललिताबाई. बैलाचे डोळे ती सगळ्यात शेवटी काढायची आणि काढून झाले की त्याच्याशी दोन शब्द बोलायचीही.

त्या वर्षी बैलांची मागणी भरपूर आणि दारांचंही काम हातात. सकाळी दारं, दुपारी बैल. म्हणजे रोज रोटरी चढवायची, रोज उतरवायची. मोटरीच्या तारा एका साध्या प्लास्टिकच्या पट्टीत स्क्रूनं कसलेल्या, वर काळी टेप. एका दुपारी दारवाला गिऱ्हाईक दारात उभा, नवीन घाईत. त्यानं मशीनवरचं लाल बटन दाबलं, मशीन थांबली, आणि त्यानं पट्टीतून तारा ओढून काढल्या.

चट्ट. एवढाच आवाज. जरासा धूरही नाही.

पण दुसऱ्या दिवशी तारा परत जोडल्या तर रोटरी फिरेना. तिच्या मोटरीला वीज पुरवणारी, मशीनच्या विजेच्या कपाटातली, म्हणजे पॅनलमधली पेटी, ड्राइव्ह म्हणतात ती, गेली होती. घरात उजवीकडे बघणारे अर्धे बैल तयार, आणि उरलेले अर्धे अजून सागाच्या ठोकळ्यांत.

कंपनीला फोन केला. तिथल्या इंजिनीयर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, दुसरी ड्राइव्ह कुरिअरनं पाठवते, पण त्याच वायरिंगवर लावली तर तीही जाईल. काढता-घालता येणाऱ्या मोटरीला तसाच जोड हवा. तुमच्याकडे मोटरीचं काम कळणारं कुणी आहे का?

नवीनच्या वडिलांच्या करवतीची मोटर विजयमालानं भरली होती. त्यानं गाडीला किक मारली आणि धनज गाठलं.

"नवीनभाऊ, आमी पाण्याच्या मोटरी भरणारे," विजयमाला म्हणाली. "हे कॉम्प्युटरचं आमाले काय समजते? मोडलं तं?"

"मोडलंच हाये वहिनी. आता आणखीन काय मोडीन?"

खाटेवरून जगदेव म्हणाले, "जाय न विजा. आतमधी तांबंच असंन. आणि मलेही पाहू दे ते मशीन. मी येतो."

तिघं एका मोटरसायकलवर कारंज्याला आले. जगदेवांनी मशीनभोवती एक फेरी मारली, तिला हात जोडले आणि ललिताबाईंनी दिलेल्या पाटावर चहा घेत बसले. विजयमालानं पॅनल उघडण्याआधी मेन स्विच पाडला, टेस्टर लावला, मग आत डोकावली. बारीक रंगीत तारांचं जाळं बघून ती जरा दचकली. तिनं इंजिनीयर बाईंना फोन लावायला सांगितला.

"मॅडम, मी विजयमाला. धनजवरून."

"धनज? कारंज्याजवळचं?" पलीकडून आवाज आला. "अवो, मी वाशिमची! वर्षाराणी माझं नाव. पुण्यात राहते, पण माहेर वाशिमलाच."

मग काय, पुढचं सगळं बोलणं वऱ्हाडीतच झालं. मशीनशी ओळख होण्याआधी या दोघींची ओळख झाली. अनसिंगच्या बाजारापर्यंत जाऊन गप्पा परत ड्राइव्हवर आल्या.

"हे पाहा विजाताई," वर्षाराणी म्हणाली, "रोटरी थांबलेली दिसते न, तवाही तिच्या मोटरीत वीज असते. लाकूड जागच्या जागी धरून ठेवाले. अशात तार ओढली..."

"तं कॉइल उसळी मारते," विजयमाला म्हणाली. "पंपाचा स्टार्टर सुटला की ठिणगी उडते, तशी."

"अगदी तशीच! पंपाचा खटका दणकट, तो सोसते. ही ड्राइव्ह नाजूक, तिले नाई सोसत."

"पण मी लाल बटन दाबलं होतं न," नवीन मधेच म्हणाला.

"लाल बटनानं चालणं थांबते भाऊ, ड्राइव्हची वीज जाईनच असं नाई. मेन स्विच पाडायचा. मंग ड्राइव्हवरचा बारका दिवा पूर्ण विझेस्तोवर थांबायचं, कारण बंद केल्यावरही पेटीत थोडी वीज उरते. मंगच तारेले हात लावायचा. जोडतानाही तसंच. आधी जोड घट्ट, मंग वीज."

मग जोड कसा असावा ते तिनं सांगितलं. गोल, धातूचा, आट्यांची कडी असलेला, म्हणजे हादऱ्यानं सैल होणार नाही. चालू मशीनवर तार आपोआप सुटली तरी नुकसान तेच. पॅनलकडच्या अर्ध्या भागात नुसती भोकं हवीत, खिळे मोटरीकडच्या भागात, म्हणजे वीज येणाऱ्या बाजूला उघडं काहीच राहात नाही. रोटरी काढली की भोकांवर टोपण, नाहीतर लाकडाचा भुसा आत जातो. तारेवर जाळीचं वेष्टण असलेली केबल घ्यायची आणि ती जाळी पॅनलच्या बाजूनं अर्थिंगला जोडायची.

धनराजची त्या आठवड्यात अकोल्याची फेरी होती. त्यानं तिकडून जोड आणि केबल आणली, आणि कुठलाही भाग हरवू नये म्हणून ती पिशवी अख्ख्या प्रवासात तिकिटाच्या मशीनबरोबर गळ्यात अडकवून ठेवली होती, असं तो स्वतः सांगतो.

ड्राइव्हचं पार्सलही आलं. विजयमालानं तारांना सोल्डरिंगचा डाग दिला, एकेका जोडावर प्लास्टिकची नळी चढवली, केबलला पॅनलच्या तोंडाशी अशी पकड दिली की कुणी केबल ओढली तरी ताण जोडावर येऊ नये. मोटरीच्या बाजूला मात्र अडचण आली. तारांचे रंग वर्षाराणीनं पाठवलेल्या चित्राशी जुळेनात. कुणीतरी आधी मोटर बदललेली असावी. कोणत्या दोन तारा एका कॉइलीच्या?

"मीटर लाव, नाईतर हातानं पाहून घे," वर्षाराणी फोनवर म्हणाली. "मोटर सुटी हाये न? कोणत्याबी दोन तारा एकमेकीले चिकटव आन् दांडा फिरव. जड झाला तं त्या एकाच कॉइलीच्या."

विजयमालानं दोन तारा जुळवून दांडा फिरवला. सहज फिरला. दुसरी जोडी घेतली. दांडा एकदम जड झाला, जणू आतून कुणी धरून ठेवला. तिचा चेहरा असा उजळला की ललिताबाई ब्रश हातात घेऊनच उठून आल्या.

"मामाजी, इकडं या! फिरवून पाहा!"

जगदेवांनी फिरवलं. तारा सोडल्या, मोकळा. तारा जोडल्या, जड. पुन्हा मोकळा, पुन्हा जड. म्हातारा लहान पोरासारखा तेच करत बसला. "आयुष्यभर मोटरी भरल्या," ते म्हणाले, "पण मोटर अशी हात धरते हे मले आज समजलं." शेवटी विजयमालाला मोटर त्यांच्या हातातून अक्षरशः काढून घ्यावी लागली.

तरी तिच्या मनात एक गोष्ट राहिलीच. जोड कितीही चांगला असला तरी घाई ही घाईच. मेन स्विच पाडायचं नवीनला माहीत आहे, पण दारात गिऱ्हाईक उभा असताना त्याला ते आठवेल का? ती चहाचा कप हातात घेऊन पॅनलकडे बघत बसली. गाणं थांबलेलं होतं.

"काय विचार करून राह्यली वहिनी?"

"भाऊ, तुमची चूक व्हाच नाई, असं कायतरी पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून पंपाचा एक कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा दणकट स्विच, आणि किल्लीचा खटका घेऊन आली. किल्ली बंदकडे फिरवली की कॉन्टॅक्टर सुटेल आणि पूर्ण मशीनची वीज जाईल, असं तिनं जोडलं. त्या खटक्याची गंमत अशी की किल्ली बंद केल्याशिवाय बाहेरच निघत नाही. मग गोल जोडावर तिनं पत्र्याचं झाकण बसवून त्याला कुलूप लावलं, आणि कुलपाची चाबी व खटक्याची किल्ली एकाच कडीत घालून कडी झाळून टाकली. आता झाकण उघडायचं तर चाबी हवी, चाबी हवी तर मशीन बंद करायलाच हवी. कुलूप काढून, झाकण उचलून, आट्यांची कडी फिरवेपर्यंत ड्राइव्हचा दिवा विझतो. तरी आधी तो बघायचाच, हे तिनं नवीनकडून म्हणवून घेतलं. उरलेल्या चाब्या ललिताबाईंच्या देव्हाऱ्यात गेल्या.

हे फोनवर दाखवलं तेव्हा वर्षाराणी खळखळून हसली. "अवो, मोठ्या कारखान्यात असंच करतात! लय महाग येते ते. तुमी पंपाच्या सामानात बसवलं?"

"मंग? सामान तं तेच हाये घरी."

"फोटो पाठवा मले. आमच्या दुसऱ्या गिऱ्हाइकायले दाखवते."

आधी पातं न लावता रोटरी नुसती फिरवून पाहिली. गुळगुळीत फिरली, थरथर नाही, आवाज नाही. मग सागाचा ठोकळा लावला. पातं उतरलं, भुसा उडाला, आणि हळूहळू ठोकळ्यातून वशिंड वर आलं, मग पाठ, मग शिंगं. सगळे मशीनला नजर लावून बसले होते. बैल पूर्ण झाला, नवीननं किल्ली फिरवून मशीन बंद केली, बैल सोडवला आणि आईच्या हातात दिला.

ललिताबाईंनी तो निरखून पाहिला. तयार बैलांच्या रांगेत नेऊन ठेवला. परत उचलला.

"नवीन, हा डावीकडं काहून पाहून राह्यला?"

खरंच की. बाकीचे सगळे उजवीकडे मान वळवलेले, हा एकटा डावीकडे. आरशात बघावं तसा उलटा. विजयमालानं कपाळावर हात मारला.

"मोटर उलटी फिरून राह्यली! एका कॉइलीच्या दोन तारा अदलाबदल झाल्या. पंपाचं पण असंच होते, फेज बदलला की उलटा फिरते. थांबा, आता काढून सरळ करते."

तिनं चाब्यांच्या कडीला हात घातला, तेवढ्यात ललिताबाई म्हणाल्या, "थांब बाई. घाई नको करू."

त्यांनी उजवीकडे बघणारा एक रंगवलेला बैल उचलून या नव्या कोऱ्या बैलाशेजारी ठेवला. दोघांची तोंडं एकमेकांकडे. दोन बैल औताला जुंपावेत आणि एकाला दुसऱ्याशी काही बोलायचं असावं, तसे ते दिसायला लागले.

मग जगदेव पाटावरून उठले.

"अरे बाप्पा, जोडी झाली!"

त्या एका शब्दानं घरात जी हसाहस सुरू झाली ती आवरेना. एवढी वर्षं नवीननं सुटे बैल केले, जोडीचा विचार कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. अर्धे बैल उजवे होतेच. उरलेले सगळे डावे करायचे ठरले. फोनवर वर्षाराणीनं सांगितलं की पुढं पुन्हा उजवा हवा असेल तर तारांना हात लावायची गरज नाही, कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये दिशा बदलता येते. रोटरी काढलेली असताना तिचा अक्ष, म्हणजे तिला फिरवायचा हुकूम, सेटिंगमध्ये बंद ठेवायलाही तिनं सांगितलं, म्हणजे मशीन नसलेल्या मोटरीला शोधत बसणार नाही.

त्यानंतर सकाळी दारं, दुपारी बैल, हे चक्र पोळ्यापर्यंत बिनघोर चाललं. नवीन किल्ली फिरवायचा, कुलूप काढायचा, दिव्याकडे बघायचा, कडी सोडायचा. एकदा दारवाला गिऱ्हाईक घाई करायला लागला तेव्हा नवीननं त्याच्या हातात बैल दिला आणि म्हणाला, "दिवा विझेस्तोवर याची शिंगं पाहा." गिऱ्हाईक जाताना नातीसाठी जोडी सांगून गेला.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी विजयमाला, धनराज आणि जगदेव कारंज्यात आले. गल्लीगल्लीतून पोरं निघाली होती, कुणी शेतकरी बनलेलं, कुणी नऊवारी नेसलेलं, आणि प्रत्येकाच्या दोरीला एक नाही, दोन बैल. ताशा वाजत होता. चाकं दगडांवरून खडखडत होती, आणि त्या खडखडाटात बैल एकमेकांशी कुजबुजत चालल्यासारखे दिसत होते. एका जोडीचं चाक निखळलं; ती ओढणारी मुलगी रडू लागताच जगदेव खाली बसले, खिशातल्या पकडीनं खिळा दाबला आणि मग जोडी नीट चालते का हे बघायला म्हणून दोरी आपल्याच हातात घेऊन मिरवणुकीत पुढे निघून गेले. ती मुलगी त्यांच्या मागे पळत होती, तिच्यामागे धनराज.

"मामाजी, तिची दोरी द्या तिले!" विजयमाला हसत ओरडली. ताशाच्या आवाजात ते त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलंही असेल.

सगळ्यात छान सजलेल्या बैलाला द्यायचं बक्षीस कुणाला मिळालं ते आता मला आठवत नाही. ललिताबाईंनी विजयमालाची ओटी भरली एवढं आठवतं, आणि त्या ओटीत नारळाबरोबर एक बैलजोडी होती.

वर्षाराणी दिवाळीला माहेरी आली तेव्हा वाशिमहून धनजला खास विजयमालाला भेटायला आली. दोघी दुकानात दुपारभर बसल्या. वर्षाराणीनं आयुष्यात पहिल्यांदा पंपाच्या मोटरीचे वेढे घातले. जगदेवांनी मोजले आणि दोनदा चुकवले. आता मंगरूळपीर, वाशिम, अकोला, कुठं कुणाची रोटरी बसवायची असली की वर्षाराणी विजयमालाचा नंबर देते. विजयमाला स्कूटीवर जाते. मागं जगदेव बसतात, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन, आणि ज्या दुकानात जातील तिथं मोटर जोडण्याआधी ती सुटी असताना एकदा आपल्या हातात द्यायला लावतात.